मिर्झापूरचे लेथ आणि ‘उघड’ शोधाचा प्रश्न

भांड्यांच्या धंद्यात उथळ ताटे लेथवर खरवडण्याची व त्यांना चकाकी देण्याची पूर्वीची रीत मोठी बेभरवशाची होती. भांडे हेडस्टॉकला उष्णतेने मऊ होणाऱ्या लुकणाने चिकटवीत, किंवा चकच्या जबड्यात धरीत. समोरून आधार नसे. त्यामुळे पुष्कळसा माल सदोष निघे आणि फिरते भांडे निसटून कारागिरास इजा होण्याचे भय असे. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या पेढीने समोरून टोकदार टेलस्टॉकचा दाब देऊन भांडे धरण्याची युक्ती योजिली. तिचे पेटंट १३ डिसेंबर १९५१ पासून अंमलात आले.

पुढे विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीवर पेटंटभंगाचा दावा झाला. प्रतिवादींचे उत्तर साधे होते : टेलस्टॉक हा लेथचा जुनाच अवयव, त्याच्या वापरात शोध तो कसला? अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी पेटंट रद्द केले, खंडपीठाने ते उचलून धरले, आणि १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा रद्द ठरविले.

न्यायमूर्ती सरकारिया यांनी लाविलेली कसोटी मननीय आहे. निव्वळ सांगकाम्या मजूर नव्हे, तर धंद्याचे सर्वसाधारण ज्ञान असलेला जाणता कारागीर कल्पावा. नवी युक्ती त्याला ठाऊक नाही, अडचण मात्र तीच आहे. उपलब्ध माहिती हाती येताच ‘मला हवे ते हेच’ असे तो म्हणेल काय? म्हणेल, तर ती केवळ कारखान्यातील सुधारणा होय. कसोटीचे मर्म ‘ठाऊक नाही’ या शब्दांत आहे. एकदा उत्तर समोर आले, की कोणतीही युक्ती सोपी भासते. आणि निवाडा देणाऱ्याला ते विसरणे कठीण जाते. उलट, परिचित अवयवाची अशी प्रत्येक जुळणी एकाच पेढीच्या स्वाधीन केली, तर शेजारच्या कारखान्याचे हात बांधले जातात. पेटंट दिल्याने त्याची वैधता सिद्ध होत नाही, हेही या निवाड्याने स्पष्ट केले.

या पक्षकारांपुरता मात्र तो फार उशिरा आला. १९११ च्या कायद्याप्रमाणे पेटंटाची मुदत सोळा वर्षांची, म्हणजे ती १९६७ सालीच सरली होती.

२००५ च्या दुरुस्तीने कल्पक पायरीच्या व्याख्येत तांत्रिक प्रगती वा आर्थिक महत्त्व हे निकष आले. जाणता कारागीर तेथेही कायम राहिला.