एका युनिटमागचा कोळसा

शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा दहा तास जळला की वीजमीटरवर एक युनिट पुढे सरकते. ते युनिट कोळशावरील वीजकेंद्रातून आले असेल, तर त्यामागे भारतीय प्रतीचा सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जळालेला असतो. त्यातून उरते जवळपास पाव किलो राख आणि वातावरणात जातो साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड. कोळशापेक्षा त्याच्या धुराचे वजन अधिक कसे, असा प्रश्न वाचकांना पडेल. जळताना प्रत्येक १२ ग्रॅम कार्बन हवेतील ३२ ग्रॅम प्राणवायू ओढून घेतो आणि ४४ ग्रॅम वायू तयार होतो. वजन वाढते ते या प्राणवायूमुळे.

याशिवाय उष्णतेचा हिशेब वेगळाच. जळालेल्या कोळशातील जेमतेम एक तृतीयांश उष्णतेची वीज होते. उरलेली दोन तृतीयांश धुराड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यांतून बाहेर टाकली जाते. जगाच्या ऊर्जावापराचे आकडे वाचताना ही गळती ध्यानात ठेवावी लागते.

जेव्हन्सची भीती

कोळसा संपेल, ही चिंता दीडशे वर्षांहून जुनी आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली, वयाच्या तिशीच्या आतच, ब्रिटनच्या कोळशावर ग्रंथ लिहून ती मांडली. ग्रंथातील भाकितापेक्षा त्यातील एक निरीक्षण अधिक टिकले. यंत्रे काटकसरी झाली की कोळशाचा खप घटत नाही, उलट वाढतो, असे त्याने दाखवले. त्याचा दाखला स्कॉटलंडचा होता. तेथे १८३० ते १८६३ या काळात टनभर लोखंडासाठी लागणारा कोळसा एक तृतीयांशाहूनही कमी झाला. मात्र त्याच काळात लोखंडाच्या कारखान्यांतील कोळशाचा एकूण खप दसपट झाला. लोखंड स्वस्त झाले, म्हणून मागणी वाढली. मागणी वाढली, म्हणून भट्ट्या वाढल्या.

ब्रिटनचे कोळसा उत्पादन १९१३ मध्ये सुमारे २९ कोटी टनांच्या शिखरावर पोहोचले आणि नंतर उतरत गेले. परंतु जगाचा कोळसा संपला नाही. २०२४ मध्ये जगाने सुमारे ८८० कोटी टन कोळसा वापरला. यातील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या चीनचा. भारताचे उत्पादन २०२४-२५ या आर्थिक वर्षात प्रथमच १०० कोटी टनांपुढे गेले. तेल, वायू व कोळसा मिळून जगाची सुमारे ८० टक्के प्राथमिक ऊर्जा आजही पुरवतात. दरडोई विचार केला तर चित्र पालटते. सरासरी अमेरिकी नागरिक सरासरी भारतीयाच्या सुमारे दसपट ऊर्जा वापरतो. हवामान परिषदांत भारत जो युक्तिवाद करतो, त्याचे मूळ या आकड्यात आहे आणि तो युक्तिवाद निराधार म्हणता येणार नाही.

आधी हवा संपली

जेव्हन्सला खाणींची चिंता होती. प्रत्यक्षात मर्यादा आली ती हवेच्या बाजूने. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे दाट धुके साचले. तेव्हा मृतांचा अंदाज चार हजार होता. पुढील संशोधनात तो बारा हजारांपर्यंत गेला. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. धूर दिसतो, म्हणून त्यावर कायदा लवकर झाला. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये त्याचे मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २८० च्या आसपास होते. २०२४ मध्ये सरासरी ४२० च्या पुढे गेली.

पाणी आणि राख

महाराष्ट्रात मात्र कोळशाची मर्यादा सर्वप्रथम जाणवली ती पाण्यात. बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद करावे लागले. २०१५ च्या पावसाळ्यात पुन्हा तीच वेळ आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात केंद्र सरकारने जुन्या वीजकेंद्रांसाठी युनिटमागे कमाल साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा ठरवली. साडेतीन लिटर म्हणजे फार नाही, असे वाटते. परंतु हजार मेगावॅटचे केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, तर या दराने ८ कोटी ४० लाख लिटर पाणी लागते. ग्रामीण भागासाठी ठरलेल्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने हे पाणी पंधरा लाख लोकांना पुरेल. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. नागपूरने यावर एक मार्ग काढला आहे. शहरातील प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते.

राखेचा प्रश्न तितका सुटलेला नाही. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. देशात वर्षाला ३० कोटी टनांहून अधिक राख निघते. सिमेंट, विटा, रस्त्यांचे भराव यांत तिचा वापर वाढला आहे, हे खरे; पण अनेक वर्षांची साठलेली राख तलावांतच आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेच्या तलावाचा बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत शिरले. धुरातील गंधकाबाबतही कथा लांबलेलीच. गंधक शोषणारी यंत्रणा बसविण्याची मुदत २०१५ च्या अधिसूचनेनंतर वारंवार वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश वीजकेंद्रांना त्यातून सूटच मिळाली.

काटकसर आणि खप

२०१५ पासून केंद्राच्या योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. शंभर वॅटचे काम दहा-बारा वॅटमध्ये होऊ लागले. तरीही देशाची वीजनिर्मिती २०१४-१५ मधील सुमारे १,१०० अब्ज युनिटांवरून २०२३-२४ मध्ये १,७०० अब्जांवर गेली. जेव्हन्स खरा ठरला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा. या काळात कोट्यवधी घरांत प्रथमच वीज आली, पंखे आणि शीतकपाटे आली. हा वापर चैनीचा नव्हे.

वृत्तपत्रांतील एक गफलतही येथे नोंदवायला हवी. देशाच्या वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, तेल व वायू यांखेरीज अन्य स्रोतांची आहे. हा टप्पा २०२५ मध्ये गाठला गेला. त्यावरून निम्मी वीज तशी मिळते असे समजले जाते. सौरपट्ट्या दिवसाच चालतात, पवनचक्क्या वाऱ्यावर अवलंबून असतात. त्यामुळे प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा अद्याप सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक राहतो. संध्याकाळी सात वाजता दिवे लागतात, तेव्हा भार येतो तो कोळशावर.

ब्रिटनने रॅटक्लिफ-ऑन-सोर हे आपले शेवटचे कोळशावरील वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केले. लंडनमधील होल्बर्न व्हायाडक्ट येथे पहिले सार्वजनिक केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले होते; म्हणजे या प्रवासाला १४२ वर्षे लागली. आपल्याकडे संध्याकाळची सात ते अकराची वेळ कशी भागवायची, हाच यापुढील कळीचा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर सह्याद्रीत आहे. अकोले तालुक्यातील घाटघर येथील २५० मेगावॅटच्या प्रकल्पात मागणी कमी असताना कोकणच्या बाजूच्या तलावातील पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. अशा प्रकल्पांत साधारणपणे चार युनिट खर्च केल्यावर तीन परत मिळतात.