वेग आणि ओझे : आल्प्समधील पर्वतधावनाच्या इतिहासातील एक प्रश्न

उंच पर्वतावर धावत चढणे-उतरणे ही स्पर्धा म्हणून अलीकडची गोष्ट असली, तरी तिच्यामागील आकांक्षा गिर्यारोहणाइतकीच जुनी आहे. तिचा इतिहास बहुधा विक्रमांच्या कोष्टकांतून सांगितला जातो. कोणी, केव्हा आणि किती वेळात शिखर गाठले, एवढेच त्यात येते. परंतु धावणाऱ्याने स्वतःजवळ काय बाळगावे आणि ते कोणी ठरवावे, या प्रश्नाच्या अनुरोधाने तोच इतिहास वाचला असता निराळी संगती हाती लागते. वेगासाठी टाकून दिलेले ओझे नियमांच्या रूपाने पुन्हा धावकाच्या पाठीवर आलेले दिसते. आणि या पुनरागमनामागे अनेकदा एखादी दुर्घटना उभी असते.

या घटनाक्रमाचे मूळ धावनापूर्वीच्या काळात आहे. माँ ब्लाँचे शिखर प्रथम १७८६ मध्ये सर झाले. १८२० मध्ये तेथे हिमलोटात तीन वाटाडे मृत्यू पावले आणि पुढील वर्षी शामोनी येथे वाटाड्यांचा संघ स्थापन झाला. त्यानंतर या शिखरावर जाणे म्हणजे वाटाडे, दोर व शिधा यांसह जाणे, अशी रीत दृढ झाली. १८६४ मध्ये फ्रेडरिक मोर्सहेड या इंग्रज गिर्यारोहकाने ती मोडली. तो एकटाच निघाला आणि सुमारे साडेसोळा तासांत शिखरावर जाऊन शामोनीस परतला. दुसऱ्याच वर्षी मॅटरहॉर्नच्या पहिल्या आरोहणानंतर उतरताना दोर तुटून चौघे जण मरण पावले. दोर असणे व नसणे या दोहोंतही धोका आहे, हे आल्प्सला अशा रीतीने फार लवकर कळले होते.

पर्वतधावनाला संघटित रूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. स्वित्झर्लंडमधील सिएर ते झिनाल ही सुमारे ३१ किलोमीटरांची स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली. परंतु तिचा मार्ग पायवाटांचा होता, हिमनद्यांचा नव्हे. ती मर्यादा इटालियन गिर्यारोहक मारीनो जाकोमेत्ती यांनी ओलांडली. १९९२ मध्ये त्यांनी माँ ब्लाँ व मोंते रोझा या पर्वतांवर स्पर्धा घडवून आणल्या. या प्रकारास 'स्कायरनिंग' हे नाव मिळाले. २००० मीटरांहून अधिक उंची आणि गिर्यारोहणाच्या दुसऱ्या श्रेणीपलीकडे न जाणारी काठिण्यपातळी, ही त्याची लक्षणे ठरली. फ्रेंचांनी मात्र आपल्या दीर्घ पल्ल्याच्या पर्वतस्पर्धांसाठी 'ट्रेल' हा इंग्रजी शब्द उचलला. हे दोन्ही शब्द इंग्रजी असले, तरी त्यांची दृष्टी भिन्न आहे. एकात आकाश आहे, दुसऱ्यात वाट आहे. पहिल्याचे लक्ष शिखराकडे, तर दुसऱ्याचे पायाखालच्या मार्गाकडे लागलेले आहे.

शिखराकडे धावणाऱ्यांचा मूळ सिद्धान्त असा, की हलके असणे हीच सुरक्षितता होय. दुपारी ऊन चढले की बर्फ सैल होते, दगड सुटतात, वादळे जमतात. तेव्हा जो लवकर परतला तो वाचला. या सिद्धान्तात तथ्य आहे. १९९५ मध्ये ब्रूनो ब्रुनोद यांनी चेर्व्हिनियाहून मॅटरहॉर्नच्या ४४७८ मीटर उंच शिखरावर जाऊन परत येण्यास ३ तास १४ मिनिटे ४४ सेकंद घेतले. २०१३ मध्ये किलियान जोर्नेट यांनी ते अंतर २ तास ५२ मिनिटांत तोडले. तथापि या सिद्धान्तात एक गृहीत दडलेले असते, ते म्हणजे धावक धावत राहील. धावणारे शरीर स्वतःच उष्णता निर्माण करते. पाय मुरगळला, वाट चुकली किंवा शक्ती संपली, की ती उष्णता आटते. आणि घामाने भिजलेले पातळ वस्त्र वाऱ्यात शरीराचे तापमान झपाट्याने उतरविते. जे हलकेपण धावकास तारते, तेच थांबलेल्यास मारते.

जर्मनीतील त्सुगश्पिट्से या २९६२ मीटर उंच शिखरावर १३ जुलै २००८ रोजी हेच घडले. ऑस्ट्रियातील एरवाल्ड येथून पावसात निघालेल्या धावकांना वर हिमवृष्टीने गाठले. त्यांपैकी अनेकांच्या अंगावर उन्हाळी कपडे होते. दोघे जण मृत्यू पावले. आयोजकावर खटला झाला. २००९ मध्ये न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. धोका धावकांनाही दिसत होता, हे त्या निर्णयातील महत्त्वाचे सूत्र होते. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला. क्रीडेच्या दृष्टीने सुटला नाही. शेकडो लोक एकाच घंटेला सुटतात, तेव्हा परत फिरण्याचा निर्णय पूर्णपणे व्यक्तीचा राहत नाही. पुढचा धावतो म्हणून मागचाही धावतो.

या संदर्भात माँ ब्लाँला वळसा घालणाऱ्या प्रदीर्घ स्पर्धेचे उदाहरण बोधप्रद आहे. २००३ मध्ये ती प्रथम झाली, तेव्हा सुमारे ७०० स्पर्धकांपैकी केवळ ६७ जणांनी पूर्ण फेरी करून शामोनी गाठले. विजेते होते नेपाळचे दावा शेर्पा. पुढे या स्पर्धेत जलरोधक अंगरखा, दोन दिवे, शिटी, पाणी, शिधा व ऊब राखणारी पातळ चादर बाळगणे सक्तीचे असे. २०१० मध्ये वादळामुळे स्पर्धा सुरू झाल्यावर थांबविण्यात आली. याच्या उलट, चीनमधील गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी झालेल्या १०० किलोमीटरांच्या स्पर्धेत वारारोधक अंगरखा सक्तीच्या यादीत नव्हता. तो बाळगावा, अशी केवळ शिफारस होती. थंड वारा व गारपीट यांत २१ धावक दगावले. शिफारस आणि सक्ती या दोन शब्दांतील अंतर किती असते, हे त्या दिवशी दिसले.

स्पर्धेबाहेरही हाच वाद उद्भवला. २०१३ मध्ये जोर्नेट यांनी शामोनीहून माँ ब्लाँवर जाऊन परतण्याचा विक्रम ४ तास ५७ मिनिटांवर आणला. हलके बूट घालून शिखराकडे जाण्याची प्रथा वाढली. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये, एका धावकाच्या मृत्यूनंतर, साँ-झेर्व्हेच्या नगराध्यक्षांनी त्या बाजूच्या मार्गासाठी किमान साहित्य सक्तीचे केले. कुशल धावकांना हा स्वातंत्र्यावरील आघात वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु विक्रमवीराचे हलकेपण वर्षानुवर्षांच्या पर्वतपरिचयातून आलेले असते. त्याचे अनुकरण करणाऱ्याजवळ पुष्कळदा केवळ त्याचे बूट असतात.

मोंते रोझावरील जुनी स्पर्धा २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. अलान्या गावातून ४५५४ मीटरांवरील मार्गारिता निवाऱ्यापर्यंत जाऊन परत येण्याच्या या स्पर्धेत धावक जोडीने उतरतात. हिमनदीवर ते बुटांना लोखंडी काटे बांधतात आणि परस्परांशी दोराने जोडलेले असतात. मोर्सहेडने टाकलेला दोर असा धावकांच्या कमरेस परत आला. दोर बांधल्याने वेग कमी होतो, हे खरे. पण मागचा थांबला, की पुढच्यालाही थांबावे लागते.