एका वेळी एकच बदल

लेथवर आटे पाडताना जॉबचे फिरणे आणि हत्याराचे सरकणे यांचा मेळ बसावा लागतो. जुन्या लेथमध्ये गिअर व लीड स्क्रू हा मेळ राखत. संगणक-नियंत्रित लेथमध्ये स्पिंडल किती फिरला हे एन्कोडर सांगतो व त्यानुसार संगणक हत्यार सरकवतो. आटे एकाच फेरीत पुरे होत नाहीत. तीच खाच पुन:पुन्हा खोल करावी लागते. मोजणी चुकली तर हत्यार खाच सोडून आट्यांवर चढते व जॉब वाया जातो. मग फिरती चकती बिनचूक वाचायची कशी?

यामागचे तत्त्व टेलिफोनच्या संशोधनातून पुढे आले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आवाजाचे द्विमान अंकांत रूपांतर करणारी नळी तयार होत होती. आवाजाच्या पातळीनुसार इलेक्ट्रॉन-शलाका वर-खाली सरके व समोरच्या पट्टीवरील भोकांची एक रांग वाची. दोन रांगांच्या सीमेवर मात्र घोटाळा होई. ३ म्हणजे ०११ आणि ४ म्हणजे १००. येथे तिन्ही अंक बदलतात. ते एकाच क्षणी बदलले नाहीत, तर मध्येच १११, म्हणजे ७, वाचले जाऊ शकते!

फ्रँक ग्रे यांनी अंकांची मांडणीच बदलली: ०००, ००१, ०११, ०१०, ११०, १११, १०१, १००. शेजारच्या संख्यांत एकच अंक बदलत असल्याने सीमेवरची चूक एका घरापुरतीच राहते. त्यांनी १९४७ मध्ये केलेल्या अर्जावर १९५३ मध्ये पेटंट मिळाले. दरम्यान १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत संख्या-नियंत्रित मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले होते.

आजच्या स्पिंडल एन्कोडरमध्ये बहुधा दोन संकेत असतात, एकमेकांपासून पाव आवर्तन सरकलेले. त्यांचा क्रम ००, ०१, ११, १० असा, म्हणजे ग्रे संकेताचाच. क्रम उलटला तर दिशा उलटली. एकच संकेत असता, तर सीमेवरची प्रत्येक थरथर पुढचे पाऊल म्हणून मोजली गेली असती; येथे एक पाऊल पुढे व एक मागे, बाकी शून्य. दोन्ही अंक एकदम बदललेले दिसले, तर मधले पाऊल निसटले हे नियंत्रकाला ओळखता येते. प्रत्येक फेऱ्यात एकदाच येणारा तिसरा संकेत दर खेपेला आट्याची सुरुवात त्याच कोनातून करून देतो.

वर्गात पुठ्ठ्याच्या चकतीवर दोन वर्तुळाकार पट्टे रंगवून हा क्रम सहज दाखवता येईल. चकती उलट फिरवून दिशा ओळखायला विद्यार्थ्यांनाच सांगावे.