मरीची वाट

जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्याची म्हातारी माणसं साल सांगत नाहीत. जुनं सुपे गाव धरणात गेलं त्याच्या आधी की नंतर, एवढाच त्यांचा हिशेब. कोंबड्यांची मर मात्र दोन्हीकडे असते. ‘‘सुपं बुडायच्या आधी एकदा अशी आली की पहाटे आरवायला वाड्यात कोंबडा उरला नाही,’’ असं आजी सांगायची. लक्षणं तिला तोंडपाठ होती. कोंबडी पंख पाडून बसते, चोच उघडी ठेवून धापा टाकते, हिरवं पातळ हगते. त्यातून तगलीच तर मान पिळवटून जागच्या जागी फिरत राहते.

ही मानमोडी, म्हणजे रानीखेत. 1926 साली जावा बेटावर आणि इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये ती ओळखली गेली आणि लगेचच कुमाऊंतल्या रानीखेतला सापडली. लस न टोचलेल्या कळपातली जवळजवळ सगळी कोंबडी ती नेऊ शकते, आणि एकदा लागण झाली की तिच्यावर औषध नाही.

आजीच्या काळी मर म्हणजे देवीचा कोप. मेलेलं कोंबडं शिवेबाहेर टाकायचं, नाहीतर ओढ्यात सोडायचं. आमची शीव संपते तिथे दुसऱ्या वाड्याची सुरू होते, हे कुणी बोलत नसे. जी अजून धडधाकट दिसत ती घाईने बाजारात जात, किंवा लेकीच्या सासरी. मला या सगळ्या गोष्टींत हीच सर्वांत दुःखाची वाटते: लोक प्रेमाने कोंबडी वाचवायला पाठवत, आणि तिच्याबरोबर मर पाठवत. अंगात रोग शिरून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात, कधी पंधरासुद्धा. तेवढ्यात कोंबडी अणशी घाट उतरून पार कारवारला पोचते.

पण त्याच गोष्टींत एक आत्याही आहे. दूरच्या नात्यातली, एकटी राहणारी. मर आल्याचं कानावर आलं की ती आपली कोंबडी डालग्याखाली घालायची, दुसऱ्याच्या अंगणात पाय ठेवायची नाही, बाहेरून आलेल्याला हातपाय धुतल्याशिवाय खुराड्याकडे जाऊ द्यायची नाही. तिची कोंबडी वाचायची. गाव म्हणायचं, हिला देवी पावली. मला वाटतं, मर कुठल्या वाटेने येते ते तिने डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. विष्ठेने माखलेले पाय, हात, टोपल्या, बाजारचा कोंबडा, याच त्या वाटा. आजचा पशुवैद्यही वेगळं सांगत नाही: नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवा, मेलेली चुना टाकून खोल पुरा.

आत्याकडे नव्हती ती लस. रानीखेतजवळच्याच मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संस्थेत 1940 च्या दशकात ती तयार झाली. आता पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचं इंजेक्शन देतात. अडचण लशीची नाही, बाटलीची आहे. बाटली शंभर-दोनशे मात्रांची, आणि आमच्याकडे घरटी कोंबडी मोजकीच. लस कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, तोवर बर्फात, उन्हापासून लांब. रानात विखुरलेल्या आमच्या वाड्यांत एकट्या घराला हे परवडणारं नाही. बऱ्याच घरांनी पहाटे, कोंबडी मोकळी सोडायच्या आधी, एकत्र लस घातली तरच बाटली पुरी लागते.

2006 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू पक्का झाला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि घाबरलेले लोक तिकडची मर आणि इकडची मर एकच समजू लागले. तसं नाही. रानीखेतने माणसाचे सहसा फार तर डोळे लाल होतात. बर्ड फ्लू माणसाचा जीव घेऊ शकतो. अंगणात उभं राहून दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळत नाही, तो प्रयोगशाळाच सांगते. म्हणून एकाएकी कोंबडी पटापट मरू लागली तर ती उघड्या हाताने उचलायची नाही, सोलायची नाही, आठवडी बाजारात तर न्यायचीच नाही. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं.