डेमलो स्टेशनची संख्या

जुईनगरहून डोंबिवलीला जायचे तर ठाण्याला गाडी बदलावी लागते. या प्रवासात आम्हाला हटकून एक सतरा आकडी संख्या आठवते : 12345678987654321. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच.

या घराण्यातील संख्यांना 'डेमलो' हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली. डेमलो म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगतात.

संख्या येते कुठून? 111111111 ला त्याच संख्येने गुणा. पाटीवर नऊ ओळी पडतात, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा एकपासून नऊपर्यंत चढतात आणि तशाच उतरतात. कुठेही हातचा नाही. संख्येतील अंकांची बेरीज 81, कारण पाटीवर 'एक' एक्क्याऐंशी वेळाच लिहिलेला असतो. गंमत म्हणजे 81 ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो 152415789971041, म्हणजे 12345679 चा वर्ग. (यात 8 नाही, हे पाहिलेत का?) अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकर 'हर्षद' म्हणत. आपल्या मोहल्ल्यातील रिक्षांवर दिसणाऱ्या 786 च्या अंकांची बेरीज 21. भाग जात नाही.

786 हा अब्जदचा हिशोब. अब्जदमध्ये अलिफ 1, ये 10, काफ 100. म्हणजे 111 लिहायला तीन वेगळी अक्षरे लागतात. तिथे हा डोंगर दिसणारच नाही. तो दिसायला शून्य आणि अंकाचे स्थान लागते. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने याच मांडणीवर पुस्तक लिहिले. मूळ अरबी प्रत हरवली, लॅटिन रूपे उरली. व्यासपीठावर आपण त्याचे नाव अभिमानाने घेतो, पण हे अंक हिंदचे आहेत हे त्याने लपवले नव्हते, हे सांगायचे विसरतो. त्याच्या रीतीने एक गुणाकार करून पाहणे तर दूरच.

कापरेकर 1905 साली डहाणूला जन्मले. फर्ग्युसन कॉलेजात शिकताना 1927 मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. 1930 ते 1962 ते देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, म्हणून आणि विषय 'किरकोळ' म्हणूनही अनेक गणितींनी त्यांना हसण्यावारी नेले. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिले, तेव्हा जगाला ते कळले. 1986 मध्ये ते वारले.

हे गुण संख्येचे नसून दहाच्या पद्धतीत लिहिण्याचे आहेत, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण आम्हाला मोल वाटते ते त्या लिहिण्याचेच. भारतातून बगदादला आणि तिथून जगभर गेलेल्या त्या रीतीचे. आणखी एक 'एक' जोडा. दहा एकांचा वर्ग 1234567900987654321. मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा येतो आणि डोंगराचे शिखर ढासळते.