वाऱ्याची नोंद ठेवणारा चित्रकार

आधुनिक चित्रकलेचा इतिहास पॅरिसपासून सांगण्याची आपल्याला सवय आहे. त्या इतिहासाचे एक दार फ्रान्सच्या ल हाव्र या बंदरात, चित्रांना चौकटी घालणाऱ्या एका दुकानात उघडले, हे मात्र आपण विसरतो.

खलाशाचा मुलगा यूजेन बूदँ (1824–1898) समुद्रकिनारी उघड्यावर बसून चित्रे काढी. चित्रावर तो तारीख, वेळ आणि वाऱ्याची नोंद करी. 1859 साली कवी बोदलेअरने या नोंदींचे कौतुक केले. त्याच वर्षी पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात बूदँचे चित्र प्रथम झळकले. त्याचा विषय होता ब्रिटनी प्रांतातील संत आन्नाची यात्रा!

त्याआधी काही वर्षे त्या दुकानाच्या काचेत बूदँच्या सागरचित्रांशेजारी एका मुलाची व्यंगचित्रे लागत. मुलाला ती सागरचित्रे मुळीच रुचत नसत; बूदँची भेटही तो टाळी. वडीलधाऱ्या चित्रकाराने राग धरला नाही. तो त्याला गावाबाहेर घेऊन गेला व त्याच्यादेखत रंगवू लागला. पाहता पाहता मुलाची दृष्टी उघडली. तो क्लोद मोने होय. आपण चित्रकार झालो ते बूदँमुळे, असे तो कीर्तीच्या शिखरावरही सांगे. 1874 च्या इम्प्रेशनिस्टांच्या पहिल्या प्रदर्शनात गुरुशिष्य दोघेही होते.

गावातील भिंतीवर एखाद्या मुलाचे चित्र लागते, तेव्हा त्याला शेजारी बसवून घेणारा बूदँही आपल्यात असावा, एवढेच आम्हांस वाटते.