आपल्या घरच्या फेऱ्या कुणी मोजल्या?

संपादक मंडळाने मला सोसायटीच्या इतिहासावर लिहायला सांगितलं होतं. भूमिपूजन, नोंदणी, पहिली कमिटी हे सगळं या अंकात इतरांनी लिहिलंच आहे. मी जन्मभर रस्त्यांच्या कामात घालवली, त्यामुळे माझी गाडी पार्किंगवरच येऊन थांबते. आपला नकाशा मंजूर झाला तेव्हा जिन्यांच्या मधल्या जागेत सायकली आणि स्कूटर लागतील असा हिशोब होता, आणि त्या वेळी तो बरोबरच होता. आज वार्षिक सभेत शेवटचा विषय पार्किंगचा निघतो आणि चहा गार होईपर्यंत संपत नाही. एका कुटुंबाला रोज किती वेळा, कुठं आणि कशानं जावं लागतं याचा अंदाज बांधणं हे एक शास्त्र आहे. त्याचा इतिहास मोठा रंजक आहे, आणि आता तो आपल्या दारापर्यंत यायची वेळ झाली आहे.

पूर्वी प्रवास मोजला जायचा तो तिकीट खिडकीवर. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी निजामाची मीटरगेज 1900 च्या सुमारास जालन्यातून धावू लागली. 1932 मध्ये निजामाच्या रेल्वेनेच 27 गाड्या घेऊन बससेवा काढली. मोंढा गजबजलेला, ‘जालना सोने का पालना’ ही म्हण लोकांच्या तोंडी, त्यामुळे माणसांची ये-जा भरपूर. पण हिशोबात आला तो फक्त तिकीट काढणारा. बैलगाडीतून आला, पायी आला, डोक्यावर पाटी घेऊन बाजारात गेला, त्याची नोंद कशातच नाही. पुढे रस्त्याच्या कडेला बसून गाड्या मोजायची पद्धत आली. नाक्यावर बसणाऱ्याला गाडी गेली एवढं कळतं. ती कुठून निघाली, कशासाठी निघाली, आणि घरात गाडीच नाही म्हणून कोण निघालाच नाही, हे त्याला कसं कळणार?

म्हणून अमेरिकेत घरी जाऊन विचारायचं ठरलं. तिथल्या केंद्राच्या रस्ते खात्याने 1944 मध्ये घरोघरच्या मुलाखतींची एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. 1950 च्या दशकात डेट्रॉइट आणि मग शिकागो इथे त्यावरून शहरभराचे आराखडे झाले. आजही इंजिनिअरिंगला तेच चार प्रश्न शिकवतात : घरातून फेऱ्या किती निघतात, त्या कुठं जातात, कशाने जातात आणि कोणत्या रस्त्याने जातात. फेरी म्हणजे एका बाजूचं जाणं. ऑफिसला गेलात ती एक, परत आलात ती दुसरी. माणसं किती, कमावते किती, दारात वाहन कोणतं, यावरून घरांचे गट पाडायचे आणि गटागटाने फेऱ्यांची सरासरी काढायची. पण पायाचा दगड पहिलाच प्रश्न. तिथं जी फेरी सुटली, ती पुढच्या तिन्ही प्रश्नांत येतच नाही.

हे शास्त्र आपल्याकडे मुंबईमार्गे आलं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला विल्बर स्मिथ या अमेरिकन कंपनीने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला आणि त्यातून प्रामुख्याने मोठमोठे रस्ते सुचवले गेले. मोटारींच्या देशातली माणसं, दुसरं काय सुचवणार! पुढे 2005 ते 2008 मध्ये मुंबई महानगर प्रदेशाचा मोठा अभ्यास झाला. त्यासाठी हजारो घरांत जाऊन माहिती घेतली. त्यात दिसलं, की निम्म्याहून अधिक फेऱ्या पायीच होतात. चालणं वगळलं, तर उरलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोकल आणि बसने. आणि मुंबईचा पैसा तर उड्डाणपुलांवर चालला होता.

शिकत असताना एका मोठ्या शहरात मीही सुटीत असे फॉर्म भरून घेतले आहेत. रोजावर, पायपीट करत. एका घरी भरदुपारी काकू दारात आल्या. “हे घरी नाहीत, संध्याकाळी या.” म्हटलं, तुमच्याही फेऱ्या लिहायच्या आहेत. “माझ्या कसल्या? मी तर घरीच असते.” पाण्याचा ग्लास हातात देऊन त्या उंबऱ्याशी बसल्या आणि मग हळूहळू एकेक निघू लागलं. सकाळी दूध, धाकट्याला शाळेत सोडणं, येताना भाजी, दुपारी गिरणीत दळण, पुन्हा शाळा, संध्याकाळी सासूबाईंना दवाखान्यात नेणं. जाणं-येणं धरून अकरा फेऱ्या झाल्या, आणि बऱ्याचशा पायी. साहेबांच्या दोनच होत्या. संध्याकाळी जाऊन साहेबांना विचारलं असतं, तर त्या दोनच लिहिल्या गेल्या असत्या.

सरकारी मोजणीतही हेच होतं. 2011 च्या जनगणनेत कामाला कशाने आणि किती लांब जाता हे विचारलं, पण ते शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीची कामं करणाऱ्यांनाच. शाळकरी मुलं, गृहिणी, पेन्शनर त्यात नाहीतच. म्हणजे या घडीला मीसुद्धा नाही.

आता आपल्या गावाचं बोलू. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धीचा पहिला टप्पा सुरू झाला. 2023 मध्ये जालना महानगरपालिका झाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईची वंदे भारत आली. चांगलंच झालं. पण वंदे भारतने वर्षातून आपण कितीदा जाणार? भोकरदन नाका, मामा चौक, गांधी चमन हे मात्र रोजचं आहे. महापालिका म्हटल्यावर आज ना उद्या वाहतुकीचा आराखडा येणार, आणि मग फॉर्म घेतलेली पोरं दारात येणार. आमच्या पुस्तकातल्या तक्त्यात दीड ते तीन लाख वस्तीच्या शहरासाठी दहा घरांमागे एक घर असा नमुना दिलेला असे. 2011 ला आपण सुमारे 2 लाख 85 हजार होतो. त्या हिशोबाने आपल्या चाळीस फ्लॅटपैकी चार दारं वाजतील, आणि ती चार घरं बाकी छत्तीस घरांच्या वतीनेही बोलतील.

मोजणी खरी की खोटी हे ताडून बघायची सोय जालन्याला निसर्गानेच दिली आहे. शहराला कापणारी नदी असली, की तिच्या पुलांवर बसून पलीकडे जाणारे मोजतात आणि घरोघरच्या फॉर्मवरून निघालेल्या आकड्याशी ताळा घेतात. कुंडलिकेने जुना आणि नवा जालना असे दोन भाग पाडलेच आहेत. पुलावर जास्त माणसं आणि फॉर्मवर कमी, म्हणजे घरात कुणाच्या तरी फेऱ्या सांगायच्या राहिल्या. दिवस मात्र नीट निवडायला हवा. नळाला पाणी येणार त्या दिवशी अर्धं जालना घराबाहेर पडत नाही.

तेव्हा बेल वाजली तर “आत्ता वेळ नाही” म्हणू नका. आदल्या दिवशी घरातला कोण कुठं गेला ते ज्याचं त्याला सांगू द्या. आजोबांची देवळाची फेरी, मुलीची सायकलवरून क्लासची, कामवाल्या मावशींच्या घरी फॉर्म गेला तर त्यांची चार बिल्डिंगांची. आणि सेक्रेटरींना एक विनंती : आपल्या नोंदवहीत चारचाकी आणि दुचाकी असे दोन रकाने आहेत, तिसरा सायकलचा आखून घ्या. जिन्याखाली किती आहेत ते मी मोजून देतो.